थप्पीतली ऊब

"वजनकाट्यापाशी एकटी जेवते म्हंजे आपली सुकेशनीच न ते, मॅडम?" रामरावांनी हे विचारलं ते बिस्किटांची बशी पुढे सरकवता सरकवता, 'घ्या ना' म्हणावं इतक्या सहजपणे; आणि वैजयंतीच्या हातातला कप ओठांपासून बोटभर अंतरावर तसाच थांबला. टेबलावरच्या काचेखाली देवदेवतांची आणि बियाणं कंपन्यांची जुनी कॅलेंडरं दबलेली होती, काचेवर तिच्या अहवालाचा मराठी सारांश उघडा पडला होता, आणि त्याच्या नवव्या पानावर रामरावांचं जाडसर, नांगर धरून कडक झालेलं बोट एका वाक्याखाली आडवं टेकलं होतं. ते वाक्य तिला पाठ होतं. 'कामगार क (ही वजनकाट्यापाशी एकटी जेवते) हिला पोत्यांच्या थप्पीतील उष्णता घटनेच्या काही दिवस आधी जाणवली होती. तथापि ही माहिती व्यवस्थापनापर्यंत पोहोचली नाही.' पुण्यातल्या तिच्या खोलीत, खिडकी बंद करून लिहिताना, हे वाक्य तिला संयत वाटलं होतं. शेलूबाजारच्या बाहेर, महामार्गाच्या धुळीत उभ्या असलेल्या या गोदामाच्या कार्यालयात ते एकाएकी एखाद्या माणसाच्या चेहऱ्यासारखं दिसू लागलं. कपाळावर बारीक गोंदण, डाव्या हाताला सुतळीनं पडलेले वळ, मान वर न करता बोलण्याची सवय. तिनं कप खाली ठेवला. बशीवर तो जरा जास्तच वाजला.

"नावं बदललेली आहेत, काका," ती म्हणाली. "अहवालात कोण कोण आहे, ते मी सांगू शकत नाही."

"नोका सांगू. इथं कोनाले सांगा लागते?" रामराव हसले. त्यांचं हसणं खरं होतं, नेहमीसारखंच घरगुती. ते या शेतकरी उत्पादक कंपनीचे अध्यक्ष; पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांना एकत्र करून सोयाबीनचं बियाणं चाळून, निवडून, पोत्यांत भरून विकण्याचा हा उद्योग त्यांनीच दारोदार फिरून उभा केला होता. वैजयंती कारंज्याची, म्हणजे 'आपल्याकडची लेक', म्हणून दीड वर्षापूर्वी संशोधनाची परवानगी मागायला आली तेव्हा त्यांनी अर्ज न वाचताच सही केली होती, आणि राहायला स्वतःच्या बहिणीच्या घरातली माडी मोकळी करून दिली होती. "काट्यापाशी जेवनारी एकच. आमच्या हरीओमनं समद्या संचालकाइले मोठ्यानं वाचून दाखवला तुमचा अहवाल. चांगला लिवला. एका वाक्यात समदं आलं पाहा. माहिती वर पोचलीच नाई. आता पोचलीच नाई त आमी काय करनार? आमाले सपन पडते काय?"

"माझा अर्थ तसा नव्हता."

"अर्थ तोच हाय न पोरी. एवढं बियानं तापून बाद झालं, उगवन गेली, ज्याइनं करार केला थे सोडून गेले. सभासद म्हनतेत, कोनाची चूक? कोनाची तरी सांगा लागन न. आज ठराव हाय. माहीत असून जी बाई बोलली नाई, तिले ठेवून काय फायदा? तुमचा अहवाल जोडून देतो खाली. विद्यापीठाचा कागद म्हनल्यावर कोनी तोंड उघडत नाई." मग आवाज जरा खाली आणून, लेकीला सासरी पाठवताना बोलावं तसं ते म्हणाले, "तुमच्या पुढच्या सालाच्या परवानगीचा विषयबी आजच घेतला. काळजी करू नोका. तुमी फक्त दोन शबूद बोला सभेत."

गाडीत चष्मा राहिला, असं काहीतरी सांगून ती बाहेर आली. चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता, हे तिला पायरी उतरताना कळलं. रामरावांनाही ते दिसलं असणार. आवारात फेब्रुवारीचं कोरडं ऊन पडलं होतं. तुरीच्या पोत्यांचा एक टेम्पो रिकामा होऊन निघत होता आणि त्याच्या मागं उडालेला भुसा अंगावर बसण्यापूर्वी हवेत उगीच रेंगाळत होता. तिनं स्वतःला विचारलं, मी खोटं लिहिलं का? नाही. उष्णता जाणवली होती, हे खरं. व्यवस्थापनापर्यंत पोहोचली नाही, हेही, संचालक मंडळाच्या बैठकीत विषय निघाला नाही या अर्थानं, खरं. मग त्या वाक्यात असं काय होतं, की ते रामरावांच्या हातात इतकं बेमालूम बसावं? तिला आठवलं, ते वाक्य तिनं किती वेळा घासलं होतं. पहिल्या मसुद्यात माणसं होती: कोणी कोणाला सांगितलं, कुठं उभं राहून सांगितलं, ऐकणाऱ्यानं काय केलं. मग विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे ओळख लपवायची म्हणून एकेक माणूस तिनं काढून टाकला. हरीओम, गोदामाचा व्यवस्थापक, रामरावांचा भाचा, त्याचा झाला 'पर्यवेक्षकीय स्तर'. पुढच्या खेपेस तोही वाक्याला जड होतो म्हणून गेला. उरली फक्त माहिती, जी आपल्या पायांनी निघाली होती आणि वाटेत कुठंतरी बसून राहिली. आणि उरली ती एक बाई, काट्यापाशी जेवणारी. तिला काढता येत नव्हतं, कारण सगळा सिद्धांत तिच्यावर उभा होता.

तो सिद्धांत तिला इथंच, या आवारातच सुचला होता, आणि तेव्हा तिला फार आनंद झाला होता. दुपारच्या सुटीत माल निवडणाऱ्या बाया पत्र्याच्या शेडखाली गोल करून बसत. डबे उघडत, झाकणांवरून भाजी फिरे, कोणाच्या घरचा ठेचा, कोणाची अंबाडी, आणि भाजीबरोबर बोलणं फिरे: चाळणीचा पट्टा सैल झालाय, अमक्याच्या मालात खडा फार, हरीओमभाऊ आज चिडलेला आहे. ते बोलणं मग कोणाच्या तरी घरून कोणाच्या तरी दीरामार्फत संचालकांपर्यंत जाई. सुकेशनी त्या गोलात नसे. विहाराजवळच्या वस्तीतून ती यायची, झाडलोट करायची, पोत्यांची तोंडं शिवायची, आणि सुटी झाली की वजनकाट्याच्या सिमेंटच्या कडेवर पाठ करून बसायची. तू इकडे का बसतेस, असं वैजयंतीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. "काट्यावर ध्यान ठेवा लागते," असं उत्तर मिळालं होतं. सुटीत काट्यावर ठेवायला काहीच नसे. वैजयंतीला तेव्हा वडिलांच्या शाळेतले देवमन सर आठवले होते. कारंज्याच्या त्या शाळेत दर वर्षी शिक्षकांचं स्नेहभोजन होई आणि दर वर्षी नेमका त्या दिवशी देवमन सरांचा उपवास असे. हसतमुखानं पाणी पीत ते सगळ्यांच्या ताटांकडे पाहत बसत. कोणता उपवास, हे कोणी कधी विचारलं नाही. तिच्या वडिलांनीही नाही, आणि वडील भले गृहस्थ होते. तर तिनं जेवणाच्या सुटीचा नकाशा काढला. कोण कुठं बसतं, कोणाची भाजी कोणाकडे जाते, याच्या रेघा. जिथं भाजी जात नाही तिथून बातमीही येत नाही, असं तिचं म्हणणं होतं. कामाच्या जागेतली विषमता ही नुसती अन्यायाची गोष्ट नसते, ती संस्थेचे कान कापते. पुण्याच्या चर्चासत्रात हा नकाशा पडद्यावर आला तेव्हा सभागृहात एक सुखद शांतता पसरली होती. एक ज्येष्ठ प्राध्यापक नंतर म्हणाले, 'फार देखणी मांडणी आहे.' ती त्या रात्री आनंदानं बराच वेळ चालत राहिली होती.

सुकेशनी आत्ताही काट्याच्या कडेलाच होती. दाभणात सुतळी ओवून तुरीच्या पोत्याचं तोंड शिवत होती. वैजयंती जवळ येऊन उभी राहिली तरी तिचा हात थांबला नाही.

"तुमी लिवलं म्हने, मी सांगतलं नाई."

"मी तसं लिहिलेलं नाही, सुकेशनी."

"वाचून दाखवलं समद्याइले. मी खिडकीखाली झाडत होती." दाभण पोत्यातून आरपार गेलं. "मी काय सांगतलं तुमाले? पोत्याइच्या मंधात हात घातला त पोळून राह्यला होता. तवाच गेली हरीओमभाऊपाशी. पान्याच्या टाकीजवळ उभा होता थो. मुकादम सोजरबाई होत्या, दोन-तीन बाया होत्या. समद्याइच्या म्होरं सांगतलं, थप्पी आतून तापून राह्यली, पोते खाली करा. तुमी लिवून घेतलं न हे?"

"घेतलं होतं. पण तुझं नाव आलं असतं तर तुला त्रास झाला असता. म्हणून—"

"माहं नाव काढलं, ठीक. त्याचं काहून काढलं?"

"नियम असतो. सगळ्यांचीच काढावी लागतात."

"असन." तिनं सुतळी दातांनी तोडली. "मंग थो सुटला न आरामात. मी काट्यापाशी जेवतो म्हनून सापडली. थो कुठं जेवते, थे लिवलं काय तुमी?" मग, बोलणं फार कडू झालं असं वाटून की काय, ती किंचित हसली. "अक्षर त चांगलं देलं मले. 'क'. शाळेत कधी पयला नंबर आला नाई माहा."

वैजयंतीला हसता आलं नाही. हरीओम जेवायला रामरावांच्या घरी जात असे. तिनं ते पाहिलं होतं, रोज पाहिलं होतं, आणि नकाशात घेतलं नव्हतं, कारण नकाशा आवाराचा होता. "आज ठराव आहे," ती म्हणाली. "तुला माहीत आहे?"

"कुत्र्याले बी माहीत हाय इथल्या." सुकेशनीनं पुढचं पोतं ओढलं. तिच्या हाताचा वेग आता वाढला होता; टाके मोठे, वेडेवाकडे पडत होते. "माही निकिता वाशिमले बारावीले हाय, खोली करून. पुढच्या मह्यन्यात पेपर. आता काम गेलं त तिले गावी आना लागते. एवढंच पाह्यतो मी. बाकी थप्पी कोनाची, कोनाचा दोष, थे तुमी शिकलेले लोक पाहा." ती हे म्हणाली आणि पहिल्यांदाच मान वर करून तिनं वैजयंतीकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती, रागही संपलेला होता. नुसती भीती होती, जनावर वाहनाच्या दिव्यांकडे पाहतं तशी, उघडी आणि कोरडी.

"थप्पी तापली कशानं? मीटर लावून घेतलेला माल होता ना सगळा?"

"थे मले नोका विचारू."

"का?"

"तुमी बी होत्या न तवा," सुकेशनी म्हणाली, आणि पोतं शिवू लागली.

ती होती. वैजयंतीला ती आठवण एखाद्या बंद खोलीचं दार उघडावं तशी आली नाही. ती सतत उघड्यावरच पडलेली होती, फक्त तिच्यावरून रोज ये-जा झाल्यानं ती वस्तू आहे हे लक्षात राहिलं नव्हतं. दसऱ्याची सकाळ. हंगामाचा पहिला माल काट्यावर चढवण्याचा मुहूर्त, आणि पहिला माल अध्यक्षांचा, हा कंपनीचा नव्हे तर त्याही आधीपासूनचा, गावच्या खरेदीचा रिवाज. झेंडूच्या माळा घातलेला रामरावांचा ट्रॅक्टर, मागं ट्रॉलीत पोती, नारळ, पेढे. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात पाऊस पडून गेला होता आणि आवारात अजून चिखल होता. तिनं साडी वर धरली होती, हेही तिला आठवलं. हरीओम परखी घेऊन आला होता, पोत्यात खुपसून नमुना काढायची ती लोखंडी नळी, आणि दुसऱ्या हातात ओलावा मोजायचं मीटर. येणाऱ्या प्रत्येक मालाला ते लावल्याशिवाय आत घ्यायचं नाही, असा कंपनीचा नियम. बियाण्याच्या मालाला तर नक्कीच. हरीओमनं परखी उचलली आणि सोजरबाई खळखळून हसल्या होत्या: "मुहूर्ताच्या मालाले टोचतं काय रे बैताडा?" सगळे हसले. हरीओमही लाजून हसला आणि परखी पाठीमागं घेतली. कोणीतरी म्हणालं, आपल्या मॅडम लेक आहेत, त्यांच्या हातून कुंकू लावा. आणि तिनं हळदकुंकवाची बोटं काट्याला लावली, मग वरच्या उघड्या पोत्याला. प्रसाद म्हणून रामरावांनी तिच्या तळहातावर पेढा ठेवला, आणि पेढ्याबरोबर चार दाणेही. तिनं ते दाणे तोंडात टाकले. तिच्या आजोबांची शेती होती. वाळलेला दाणा दाताखाली कट्कन फुटतो, हे तिला अक्षरं येण्याआधी येत होतं. ते दाणे फुटले नव्हते. दाताखाली मऊपणे चेपले होते, थंड, हिरवट, किंचित कडसर. तिनं ते गिळले आणि म्हणाली होती, "छान आहे."

त्या संध्याकाळी तिनं लिहिलं होतं, 'मुहूर्ताचा विधी संस्थेत आपलेपणाची भावना निर्माण करतो.' आणि तो माल थप्पीच्या तळाशी गेला, कारण पहिला आला होता. त्याच्यावर साऱ्या पंचक्रोशीचं कोरडं, मोजलेलं, निवडलेलं सोयाबीन चढत गेलं. सुकेशनीनं हात घातला तोवर तळची ऊब मधल्या थरापर्यंत चढली होती. म्हणजे माहिती पोहोचली नव्हती असं नव्हतंच. ती टाकीपाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला पोहोचली होती, हरीओमला पोहोचली होती, कदाचित जेवता जेवता रामरावांच्या ओट्यावरही. थप्पी उतरवायची तर तळाशी काय आहे ते सगळ्यांसमोर दिसलं असतं. कान शाबूत होते. तिच्या देखण्या नकाशात कान कापलेले दाखवले होते, आणि म्हणूनच रामरावांना तो इतका आवडला होता.

"चाला बाई, सभा सुरू होऊन राह्यली. रामरावभाऊ वाट पाह्यतेत." सोजरबाई जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या. ठेंगणी, रुंद बांध्याची, डोक्यावरचा पदर कानामागं खोचलेली बाई. निवडणाऱ्या बायांची मुकादम आणि कंपनीची एकमेव स्त्री संचालक. "काट्यापाशी लई बसू नोका. तुमालेबी कोनी अक्षर देईन."

जिना अरुंद होता. सोजरबाई पुढं, धापा टाकत, आणि वैजयंती मागं. "सोजरबाई," ती म्हणाली, "सुकेशनीनं हरीओमला सांगितलं, तेव्हा तुम्ही तिथं होता?"

"होती न."

"मग तुम्ही—"

"मंग मी काय?" सोजरबाई मधल्या पायरीवर थांबल्या. वळल्या नाहीत. त्यांची पाठ मात्र ताठ झालेली दिसली. "भाऊनं मले संचालक केलं. लोकं हासत होते, बाईले काय समजते म्हनून. त्यानं केलं. त्याच्या मालाले वला म्हनू काय मी, चारचौघात? तुमी म्हनलं असतं?" उत्तराची वाट न पाहता त्या वर चढल्या.

वरच्या लांबट हॉलमध्ये संचालकांना खुर्च्या आणि सभासदांना सतरंजी अशी मांडणी होती. वैजयंतीसाठी रामरावांच्या उजव्या हाताची खुर्ची मोकळी ठेवली होती. ती तिथं बसली आणि बसताक्षणी तिला कळलं की इथून बोलणं कठीण आहे. खुर्ची मऊ होती, पंखा नेमका तिच्यावर होता, आणि समोरच्या सगळ्या नजरा तिला नव्हे तर तिच्या जागेला मान देत होत्या. हरीओम भिंतीशी उभा होता, तरणा, सडपातळ, कृषी शाखेची पदवी घेतलेला. त्याला बसायला जागा होती तरी तो बसला नव्हता. ठराव वाचला गेला. 'विद्यापीठाच्या अहवालानुसार' हे शब्द त्यात दोनदा आले. मग रामराव म्हणाले, "आता वैजयंतीताई दोन शबूद बोलतीन."

ती उभी राहिली आणि तिच्या मनात वाक्यं येऊ लागली, शिस्तीत, एकामागून एक, वर्षानुवर्षांच्या सवयीची. निष्कर्षांना मर्यादा असतात. एका घटकावर जबाबदारी निश्चित करणं शास्त्रीयदृष्ट्या योग्य नाही. प्रक्रिया समग्रपणे पाहायला हवी. यांतलं प्रत्येक वाक्य खरं होतं आणि यांतलं कुठलंही म्हटलं तरी ठराव मंजूर होणार होता. ती शांतपणे पुण्याला जाणार होती, पुढच्या वर्षीची परवानगी घेऊन, आणि त्या परवानगीतून एक पुस्तक होणार होतं, ज्यात कदाचित एक टीप असती की क या कामगाराला नंतर कमी करण्यात आलं. तिला आपल्या जिभेवर तो मऊ, थंड दाणा पुन्हा जाणवला. तिला वाटलं, देवमन सरांच्या पुढ्यात कधी तरी कोणीतरी असं उभं राहायला हवं होतं, आणि ते राहिलं नाही याचं कारण दुष्टपणा नसून अगदी हेच असणार: पंखा, खुर्ची, समोरच्या माणसाचे उपकार.

"माझ्या अहवालातलं ते वाक्य चुकीचं आहे," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला. "सुकेशनीनं सांगितलं होतं. वेळेवर, चारजणींसमोर सांगितलं होतं. कोणाला, ते त्यांनी स्वतः सांगावं. मी इथं नाव घेणार नाही. पण मी जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगते. मुहूर्ताच्या मालाला मीटर लावलं गेलं नाही. मी काट्याला कुंकू लावत होते. त्यातले दाणे मी खाल्ले. ते ओले होते, आणि मी काही बोलले नाही. तो माल तळाशी गेला."

सतरंजीवर बसलेला एक म्हातारा सभासद पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागला. हरीओमची मान खाली गेली. कोणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, हे वैजयंतीला फार स्पष्ट जाणवलं. सगळ्यांच्या घरात असलेली एखादी वस्तू कोणीतरी मधोमध आणून ठेवावी, तसा तो संकोच होता. रामराव रागावले नाहीत. त्यांचा चेहरा तेवढा हळूहळू म्हातारा झाला. चष्मा काढून तो धोतराच्या सोग्यानं पुसत ते म्हणाले, "मुहूर्ताचा माल देवाचा असते, ताई. त्याले मोजत नाई. माह्या बापाच्या येळपासून नाई मोजला."

"देवाचा असन, भाऊ," सोजरबाई आपल्या खुर्चीतून म्हणाल्या, स्वतःच्या मांडीकडे पाहत. "पन वला होता."

कोणीतरी मागं फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. मग दुसरा हसला. ते हसणं वाईट नव्हतं, सुटकेचंही नव्हतं; घट्ट बांधलेल्या गाठोड्याचा एक पदर सुटावा तसं ते पसरत गेलं आणि विरलं. हरीओम तेवढ्यात अगदी हळू म्हणाला, "मले सांगतलं होतं तिनं." तो एवढंच म्हणाला, आणि त्याच्या कपाळावर घाम होता. रामरावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. समोरचे कागद त्यांनी एकत्र करून उभे आपटले, कडा जुळवल्या. "परवानगीचा विषय आज राहू द्या," ते कोणाला उद्देशून नाही असं म्हणाले. "ठराव... ठरावावर कोनाचं काय म्हननं?" कोणाचं काही म्हणणं नव्हतं. हात वर झाले नाहीत, पण नाही असंही कोणी म्हणालं नाही. विषय हॉलच्या मधोमध तसाच पडून राहिला, आणि असे विषय इथं कसे संपतात, हे वैजयंतीला दीड वर्षात चांगलं माहीत झालं होतं: काही दिवसांनी कोणीतरी कोणाला तरी सहज म्हणतं, उद्यापासून येऊ नको.

दारात सुकेशनी उभी होती. ती केव्हा आली, किती ऐकलं, कळायला मार्ग नव्हता. तिच्या केसांत आणि पापण्यांवर तुरीचा भुसा होता. "हरीओमभाऊ," ती म्हणाली, "जऊळक्याची मालाची गाडी आली. काट्यावर लावू काय?"

"लाव," हरीओम म्हणाला.

ती गेली नाही. उंबऱ्याच्या बाहेर, चपला काढलेल्या जागी, ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. वैजयंतीला वाटलं, आपण काहीतरी म्हणावं. तिनं तोंड उघडलंही, पण सुकेशनी तिच्याकडे पाहत नव्हती. ती रामरावांकडे पाहत होती.

"भाऊ, मी उद्या येऊ का नोको?"

इतक्या वर्षांत तिनं त्यांना थेट काही विचारल्याचं कोणाला आठवत नसावं. खुर्च्यांमधले दोघेतिघे चमकून वळले. रामरावांनी कागद पुन्हा एकदा जुळवले. "गाडी उभी हाय न खाली?" ते म्हणाले. "जा, थे पाह्य पयले."

"थे त पाह्यतोच मी. उद्याचं विचारलं."

रामरावांची नजर सतरंजीवरून फिरली, सोजरबाईंवर क्षणभर अडली, आणि खिडकीबाहेर गेली, जिथून आवार दिसत असे. सोजरबाई मान वर करून त्यांच्याकडेच पाहत होत्या. अखेर त्यांचे ओठ हलले.

"ये," ते पुटपुटले.

शेजारच्या खुर्चीत परत बसलेल्या वैजयंतीला तो शब्द ऐकू आला. दारापर्यंत तो गेला असावा. सुकेशनीच्या खांद्यांवरून ते कळलं. पण ती जागची हलली नाही. तिनं एक पाऊल उंबऱ्याच्या आत टाकलं.

"आयकू नाई आलं, भाऊ," ती म्हणाली. "समद्याइले आयकू येईन असं सांगा."

"उद्या ये," रामराव म्हणाले. या खेपेस मागच्या भिंतीशी टेकलेल्या माणसानंही मान हलवली.

"हो," सुकेशनी म्हणाली, आणि गाडी काट्यावर घ्यायला खाली उतरली.